श्वासाचं मशीन घेऊन लेकीच्या बाळंतपणाला

आमच्या कडा गावात झोपेत नाकाला लावायचं हे मशीन माझ्याआधी कुणाकडे नव्हतं. निदान कुणी कबूल तरी केलं नव्हतं. मी ते लावायला लागल्यापासून मात्र दुकानात भांडी घ्यायला आलेल्या बायका बाजूला घेऊन विचारतात, "काकू, आमचे हे लई घोरत्यात वो. त्यांना पण तसंच असंल का?" सगळ्या नवऱ्याचं विचारतात. स्वतःचं कुणीच विचारत नाही. बाई घोरते हे बोलायची आपल्याकडे सोयच नाही.

म्हणून हे लिहायला बसले. हे मशीन घेऊन मी एकटी अमेरिकेला लेकीच्या बाळंतपणाला जाऊन आले. तिथले पहिले काही दिवस फार भीतीत गेले. ज्यांना असं मशीन घेऊन लांब जायचं असेल, त्यांच्यावर ती वेळ येऊ नये एवढीच इच्छा.

हंड्यावरचा ओरखडा

आमचं भांड्यांचं दुकान आहे. गल्ल्यावर हे बसतात आणि भांड्यांवर नावं घालायचं काम माझं. लग्नसराईत एकेका घरची पन्नास-पन्नास भांडी असतात, आणि माझं अक्षर चांगलं असल्यामुळे लोक थांबून घालून घेतात.

एका मुलीच्या रुखवताच्या हंड्यावर नाव घालता घालता माझा डोळा लागला. हातातलं नाव घालायचं मशीन चालूच होतं. त्याची सुई शेवटच्या अक्षरावरून निघाली ती थेट हंड्याच्या बुडापर्यंत ओरखडा काढत गेली. मुलीची आई समोर उभी होती. "अवं काकू, झोपलात का काय!" असं ती ओरडली तेव्हा मी जागी झाले. ह्यांनी तिला दुसरा हंडा काढून दिला, वर एक तांब्या दिला आणि दुकान लवकर बंद केलं.

घरी आल्यावर म्हणाले, "आता दवाखान्यात चल. दिवसा बसल्या जागी झोपतीस. अन् रात्री तुझा दम अडकतो. मी हलवतो तवा श्वास घेतीस."

मला राग आला. वाटलं, घोरण्यावरून टोमणा मारायला ह्यांना हंड्याचं निमित्त मिळालं. मी म्हटलं, "वय झालं माझं. तुमच्या दुकानात उभी राहून राहून झालंय हे."

"वय माझं पण झालंय की. मी न्हाई पडत हंड्यावर."

नगरच्या डॉक्टरांनी डोक्याला, छातीला वायरी चिकटवून एक रात्र दवाखान्यात झोपवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी समजावून सांगितलं. झोपेत घसा मिटतो, श्वास थांबतो, मग मेंदू दचकून उठवतो, आणि रात्रभर हेच चालतं. मी एकच विचारलं, "डॉक्टर, एखाद्या वेळी मेंदूनं उठवलंच नाही तर?"

ते म्हणाले, "मशीन लावा, सगळं व्यवस्थित होईल." माझ्या प्रश्नाचं उत्तर हे नव्हतं. जे त्यांनी सांगितलं नाही तेच माझ्या मनात घर करून बसलं.

मशीन घरी आलं. तोंडावर मास्क, त्याला नळी, नळीतून जोरात येणारी हवा. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, दारातून बघून म्हणाल्या, "गणपती बसवलाय का काय घरात!" कपाळाची विभूती मास्कच्या पट्ट्याला लागायची, पट्टा गालात रुतायचा, मी झोपेत तो काढून फेकायचे. असे काही आठवडे गेले. मग एका सकाळी उठले तर डोकं हलकं होतं. चहाच्या आधी कुणाशी भांडावंसं वाटलं नाही, तेव्हा ह्यांनी ओळखलं की मशीन लागू पडलं.

आमचं लाइट

आता आमच्या लाइटबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून झालं.

मशीन आल्यावर थोड्याच दिवसांत गल्लीतल्या विजेच्या डीपीची काहीतरी वायर तुटली आणि व्होल्टेज एकदम वाढलं. शेजाऱ्यांचा टीव्ही गेला, आमचा पंखा गेला, आणि माझ्या मशीनच्या अडॅप्टरमधून जळका वास आला. दुसरा अडॅप्टर पुण्याहून येईपर्यंत हे माझ्या उशाशी बसून मला हलवत राहिले. तो आल्याबरोबर त्यांनी फ्रिजला असतो तसा एक स्टॅबिलायझर आणला. लोखंडी डबा, पुढे दोन दिवे. हिरवा लागला की लाइट ठीक. लाल लागला की व्होल्टेजमध्ये गडबड, डबा आपण होऊन मशीनचं लाइट तोडणार.

तेव्हापासून घरात नियमच झाला. टीव्ही, फ्रिज, माझं मशीन, यातलं काहीही 'डायरेक्ट' लावायचं नाही. शहरातल्या माणसाला हे हसू येण्यासारखं वाटेल. पण जळका वास एकदा घेतलेला माणूस भिंतीतल्या सॉकेटवर विश्वास ठेवत नाही.

जायची तयारी

शिवलीला आमची एकुलती एक. सगळे शिवू म्हणतात. लग्न होऊन ती अमेरिकेला गेली, आणि तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपली रीत. ती येऊ शकत नव्हती, मग माहेरानंच तिच्याकडे जायचं ठरलं. दुकान आणि आत्याबाई यांना सोडून ह्यांना निघता येत नव्हतं. म्हणजे मी एकटी.

मला दोन्हीकडून भीती होती. नाही गेले तर लेक म्हणेल, आईला माझ्यापेक्षा मशीन मोठं झालं. गेले आणि तिथं माझंच काही झालं, तर त्या पोरीनं बाळ सांभाळायचं की मला? झोपेत गेलेली आई सकाळी तिला दिसली तर? असले विचार मी कुणाला सांगितले नाहीत. डिंकाचे लाडू वळता वळता हेच डोक्यात चालायचं.

जे नीट केलं ते सांगते, उपयोगी पडेल. डॉक्टरांकडून मशीनची चिठ्ठी घेतली. विमान कंपनीला आधी कळवलं. मशीन सामानात न देता हातात ठेवलं, त्यातलं पाणी काढून टाकी कोरडी केली. सीटजवळ लाइट मिळेलच याची खात्री कंपनी देत नव्हती, म्हणून मशीनची लहान बॅटरी घेतली. ती किती मोठी चालते हे कंपनीला विचारूनच घेतली आणि तीही हातातच ठेवली. बॅटरी सामानात टाकायची नसते.

आणि जे चुकलं ते असं. ह्यांनी स्टॅबिलायझर माझ्या दोन जुन्या साड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत घातला. बॅग जड झाली तेव्हा निम्मे लाडू बाहेर काढले, पण तो डबा काढला नाही.

शिवू फोनवर म्हणाली, "अप्पा, इथं लाइट जात नाही हो."

"जात नसंल. पण येतं कसं, ते कुणाला म्हाईत हाय?" हे म्हणाले. मलाही ते पटलं.

मुंबईला विमानतळावर तपासणीवाल्यानं मशीन बाहेर काढायला लावलं. "माताजी, ये क्या है?"

"साब, साँस का मशीन है. सोते वक्त लगाते."

"किसका?"

"मेराच है." चारचौघांत मी हे पहिल्यांदा बोलले. माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या माणसानं माझ्याकडे निरखून बघितलं आणि मी पदर सारखा केला.

विमानात सीटखाली सॉकेट होतं, पण पिन त्यात टिकेना. मग बॅटरी लावली, मास्कवरून तोंडावर शाल ओढून घेतली आणि झोपले. दुसऱ्या विमानात बॅटरी संपली. तिथं मी लवंगा चघळत जागी बसले. शेजारची बाई इंग्रजीत काहीतरी मायेनं विचारत होती. मी नुसती मान हलवत राहिले.

लाल दिवा

शिवू विमानतळावर आली होती. एवढं मोठं पोट घेऊन ती पळत आली तेव्हा मी तिला आधी रागावले आणि मग रडले.

तिनं माझ्यासाठी वेगळी खोली तयार ठेवली होती. जावईबापूंना फक्त 'आईला थोडा श्वासाचा त्रास आहे' एवढंच सांगायचं, असं मी तिला बजावलं होतं. जावयासमोर सासूनं नाकाला नळी लावून पडायचं, हे माझ्या मनाला पटतच नव्हतं. म्हणून दार लावून घेतलं आणि सगळं एकटीनं जोडलं. शिवूनं आणून ठेवलेली तिकडची पिन भिंतीत, तिच्यात स्टॅबिलायझर, त्यात मशीन.

टक् असा आवाज आला आणि लाल दिवा लागला. मशीन बंदच.

आमच्याकडे लाल दिवा लागला की आपण थांबतो. थोड्या वेळानं लाइट सुधारतं, हिरवा लागतो. मी थांबले. हिरवा लागला नाही. दुसऱ्या सॉकेटला लावलं, तिसऱ्याला लावलं. प्रत्येक ठिकाणी तोच टक् आणि तोच लाल दिवा.  वाटलं, ह्या घराचं लाइटच वाईट आहे. मशीन डायरेक्ट लावायचा विचारही मनात आला नाही. डबा लाल दाखवतोय आणि आपण मशीन लावायचं, म्हणजे हातानं जाळणंच की.

सकाळी शिवूला सांगणार होते. पण सकाळीच तिच्या कळा सुरू झाल्या. पोरगी भिंत धरून उभी, जावईबापू गाडीची किल्ली शोधतायत, अशा वेळी माझा लाल दिवा कुठं काढू? ह्यांचा फोन आला. "मशीन लावलंस का?" मी म्हटलं, "लावलं." दुसरं काही सुचलं नाही.

मुलगी झाली. दवाखान्यात तिला माझ्या हातात दिली तेव्हा ती एवढीशी मूठ माझ्या बोटावर घट्ट आवळून होती. मला आनंद झालाच, पण त्या आनंदाच्या आतून भीती वर यायची, की ह्या पोरीला आंघोळ घालायला मी उद्या असेन ना.

त्यानंतर मी आडवी झालेच नाही. खुर्चीत बसून भिंतीला डोकं टेकवायचं, डोळा लागला की दचकून उठायचं. दिवसा डोकं जड. वरणात दोनदा मीठ पडलं, एकदा अजिबात पडलं नाही. जावईबापू म्हणाले, "मामी, जेट लॅग असेल." हा शब्द मला फार सोयीचा वाटला. कुणी काही विचारलं की मी तोच सांगायचे.

बाळ आणि मी

बाळ घरी आल्यावर एका दुपारी त्याला तेल लावून, दुपट्यात गुंडाळून मी सोफ्यावर मांडीवर घेऊन बसले होते. खिडकीतून ऊन येत होतं. शिवू आंघोळीला गेली होती.

"आई!"

त्या किंकाळीनं मी जागी झाले. बाळ मांडीवरून घसरून सोफ्याच्या हाताला अडकलं होतं आणि त्याचं तोंड उशीत रुतलं होतं. शिवूनं झडप घालून ते उचललं. क्षणभर काहीच आवाज नाही. मग बाळ रडलं. असं रडणं मी आयुष्यात कधी इतकं कान देऊन ऐकलं नव्हतं.

शिवूच्या केसांतून पाणी गळत होतं. "तू झोपली होतीस? बाळाला घेऊन?"

"जरा डोळा लागला गं..."

 ती बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं. मी तिथंच बसून राहिले. माझा श्वास थांबेल म्हणून मी इतके दिवस भीत होते, आणि माझ्यामुळे त्या लेकराचा थांबता थांबता राहिला होता.

संध्याकाळी जावईबापू बाळाला माझ्याकडे द्यायला लागले. शिवू पटकन म्हणाली, "आईकडं नको."

त्यांनी बाळ परत खांद्यावर घेतलं. मी उठून भाकरी टाकायला गेले.

डायरेक्ट

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिवूसमोर बसले आणि सांगून टाकलं, "माझं मशीन आल्या दिवसापासून बंद आहे."

"मग सांगितलं कावून न्हाई?" तिकडे जाऊन इतकी वर्षं झाली, पण रागावली की ती कड्याचीच होते.

"तुझ्या कळा चालल्या होत्या."

"अन् नंतर?"

 ती माझ्या खोलीत आली आणि कोपऱ्यात डब्यावर टाकलेली साडी बाजूला सारली. "हे काय हाय?"

"स्टॅबिलायझर."

ती पलंगावर बसली. मग तिनं अप्पांना व्हिडिओ कॉल लावला. "अप्पा, इथं लाइट एकशेवीसनं येतं. आपल्या निम्मं. तुमच्या डब्याला वाटतंय व्होल्टेज पडलंय, म्हणून तो तोडून टाकतोय."

"मग बरोबरच करतोय की तो! निम्म्या लाइटवर मशीन जळणार न्हाई का?"

"मशीनच्या अडॅप्टरवर लिहिलंय. शंभर ते दोनशे चाळीस. मशीनला दोन्ही चालतं. डब्याला चालत नाही."

"लिवलेलं असतं गं. आपल्या टीव्हीवर पण लिवलेलं होतं."

  मग ह्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "शिवे, डायरेक्ट नको लावू. जळलं तर तुझी आई तिकडं..." 

त्यांच्या मनात होतं तेच माझ्या मनात होतं. आत्ता मशीन बंद आहे, पण धड आहे अशी आशा तरी आहे. डायरेक्ट लावलं आणि वास आला, की ती आशाही संपली. लेकीवर माझा विश्वास होता. भिंतीवर नव्हता.

जावईबापू बाळाला घेऊन दारात येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार. मी सवयीनं पदर सावरला, मग त्याचं मलाच हसू आलं. आता लपवायचं तरी काय राहिलं होतं? ते म्हणाले, "मामी, अडॅप्टर बघू." अक्षरं इतकी बारीक, की फोननं फोटो काढून मोठा करून त्यांनी मला दाखवला. १००-२४०. आकडे वाचता येण्याइतकं शिक्षण माझं नक्कीच झालंय. कड्यात कितीदा तो अडॅप्टर हातात घेतला असेल, पण उलटा करून कधी वाचला नव्हता. आमचा सगळा विश्वास डब्यावर.

शिवूनं पिन भिंतीत घातली. मशीनच्या बटणाकडे तिचा हात गेला तेव्हा मी म्हटलं, "थांब. मी दाबते." जळायचंच असेल तर माझ्या हातानं जळू दे, बाळंतिणीच्या हातानं नको.

दाबलं. हिरवा उजेड लागला, आणि नळीतून हवा सुरू झाली.

"वास येतोय का?" फोनमधून हे ओरडत होते.

"नाही अप्पा."

"हात लावून बघ. गरम झालंय का?"

"नाही!"

"अजून थोडं थांब. लगेच कळत न्हाई."

शिवू मला म्हणाली, "झोप आता."

"दुपारी? अगं, तुझं जेवण व्हायचंय."

"आई, झोप म्हटलं ना."

जावईबापूंच्या देखत मी मास्क चढवला. शिवू माझ्या पायाशी बसली, एक हात अडॅप्टरवर ठेवून. बाळंतिणीनं असं बसू नये, हे सांगायला तोंड उघडलं, पण मास्कमुळे शब्द फुटले नाहीत आणि मला झोप लागली. जाग आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. ती तिथंच होती, आणि तिचा हातही तिथंच होता.

जाणाऱ्यांसाठी तेवढंच सांगते. आपल्या मशीनचा अडॅप्टर उलटा करून वाचा. शंभर आणि दोनशे चाळीस हे दोन्ही आकडे त्यावर असतील तर फक्त तिकडची पिन लागते, इथला स्टॅबिलायझर नेऊ नका. आकडे समजले नाहीत तर मशीन विकणाऱ्याला निघायच्या आधी विचारा. आणि मशीन बंद पडलं तर त्याच दिवशी घरात सांगा. घरात कळा चालू असल्या तरी सांगा.

मशीन सुरू झालं म्हणून सगळं लगेच पहिल्यासारखं झालं नाही. वरणात मीठ बरोबर पडायला लागलं, पण बाळ माझ्या एकटीकडे येईना. शिवू मला ते द्यायची, पण स्वतः शेजारी बसून. माझ्या डोळ्यांकडे बघत राहायची.  तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. तरी मनाला लागायचं. वाटायचं, आता ही भीती तिच्या मनातून कधीच जायची नाही, आणि मी नातीला एकटीनं मांडीवर न घेताच परत जाणार. रोज सकाळी उठल्यावर ती विचारायची, "झोप लागली?" मी हो म्हणायचे. ती मान हलवायची, आणि बाळ तिच्याच खांद्यावर राहायचं.

असे बरेच दिवस गेले. एका सकाळी तिनं बाळाला दूध पाजलं, दुपट्यात गुंडाळलं आणि माझ्या मांडीवर आणून ठेवलं. मला वाटलं, आता शेजारी बसेल. ती उभीच राहिली.

"आम्ही दोघं जरा भाजी आणायला जातो," ती म्हणाली. "तिकडनं बँकेत पण जाऊ. वेळ लागंल."

दार बंद झालं, गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला. बाळ झोपलं होतं. मी त्याच्या पोटाचं वरखाली होणं बघत बसले. जागी आहेस ना म्हणून शिवू विचारेल, म्हणून फोन हाताशी ठेवला होता. ते परत येईपर्यंत तो एकदाही वाजला नाही.